त्याचा आवाज येतोच!

"त्याचा आवाज येतोच."

एखाद्या यंत्रातून पूर्वी कधी न आलेला आवाज यायला लागतो, आपण जाऊन विचारतो, आणि समोरचा माणूस मान वर न करता हे वाक्य आपल्या अंगावर फेकतो. फ्रिज असो, पंखा असो, गाडीचा बेल्ट असो. हे वाक्य माझ्या फार डोक्यात जातं. गेल्या जुलैपासून या यादीत एका अशा डब्याची भर पडली आहे, ज्याचं नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. मोटरहोममधला ट्रान्सफर स्विच. या विकांताला त्याच्यावरच लिहायचं ठरवलंय. विषय रुक्ष वाटला तर शेजारी चहा ठेवा, पण वाचा. कारण हा डबा ज्या पलंगाखाली गुणगुणत होता, त्या पलंगावर दोन लहान मुलं झोपत होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. आमच्या टीममधल्या एका मित्रानं दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड मोटरहोम घेतली. २००७ची, चौतीस फुटी. म्हणजे एसटीच्या सांगाड्यात बसवलेला वन बीएचके म्हणा ना! दोन एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, टीव्ही, मागे बेडरूम. वहिनींचा सुरुवातीला कडाडून विरोध होता ("हॉटेलं बंद पडली आहेत का?"), पण मुलांना गाडी इतकी आवडली की आता लांबचा विकांत आला की सामान त्याच भरतात. आम्ही एक-दोघे मित्र अधूनमधून फुकटचे प्रवासी म्हणून जातो. काम एकच, कांदे चिरणे आणि टाकी भरणे.

तर या गाडीत मागच्या पलंगाखालून गुणगुण ऐकू यायला लागली.

आता हा ट्रान्सफर स्विच काय प्रकार असतो? ज्यांची शाळा महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनात झाली, त्यांना खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. दिवे जायचे, कोपऱ्यातला इन्व्हर्टर 'टक्क' करायचा आणि एक ट्यूब आणि एक पंखा परत सुरू व्हायचा. तो 'टक्क' म्हणजेच ट्रान्सफर स्विच. घर एका वेळी एकाच वीजस्रोताला जोडायचं, दुसऱ्याला तोडायचं, एवढंच त्याचं काम. सोसायटीच्या जनरेटरच्या खोलीत हाच प्रकार कपाटाएवढा असतो.

मोटरहोममध्ये दोन स्रोत असतात. एक कॅम्पग्राउंडवरच्या खांबातली वीज. हिला इथे 'शोअर पॉवर' म्हणतात, धक्क्याला लागलेल्या बोटीला किनाऱ्यावरून वीज देतात, तिथून आलेलं नाव. दुसरा गाडीतलाच जनरेटर. हे दोन्ही एकाच वेळी जोडले गेले तर काय होईल? दोघांच्या लाटा जुळलेल्या नसणार, त्यामुळे मोठा दणका. आणि प्लग खांबातून काढलेला असेल तर त्याच्या उघड्या पिनांवर जनरेटरची वीज येणार, म्हणजे हात लावणाऱ्याची दिवाळी. म्हणून डब्यात सहसा दोन कॉन्टॅक्टर असतात आणि त्यांच्यामध्ये एक यांत्रिक अडसर. एक आत ओढला गेला की दुसरा जागचा हलूच शकत नाही. जनरेटर सुरू केला की डबा अर्धा मिनिट वगैरे थांबतो, जनरेटरला दम खाऊ देतो आणि मगच त्याच्यावर भार टाकतो. साधा, प्रामाणिक आणि हुशार डबा आहे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

भांडण आहे ते त्याच्याबद्दल जे जे बोललं गेलं त्याच्याशी.

मित्र पहिल्यांदा गाडी घेऊन गेला एका सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, गल्लोगल्ली असेच आहेत). तिथल्या साहेबांनी कान लावला, मान डोलावली आणि वरचं ऐतिहासिक वाक्य म्हटलं. तपासणीचे पैसे मात्र घेतले. पुढच्या महिन्यात आवाज वाढला. मग दुसरं सर्व्हिस सेंटर. तिथे निदान तयारच होतं, "अख्खं युनिट बदला." का? "जुनं झालंय." काय बिघडलंय? "युनिट." साडेआठशे डॉलरचा अंदाज हातात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. डब्याच्या झाकणाला चार स्क्रू आहेत आणि त्या झाकणावरची कित्येक वर्षांची धूळ दोन्ही भेटींनंतर जशीच्या तशी होती, बोटाचा ठसासुद्धा नाही!

आणि तिसरा सल्ला, सर्वांत भारी. कॅम्पग्राउंडवरच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, डब्याभोवती फोमची पट्टी गुंडाळा, झोप छान लागेल. बंद कप्प्यात, लाकडी पलंगाखाली, तापत असलेल्या विजेच्या डब्याभोवती फोम. शेकोटी पेटवायची असेल तर याहून चांगली रचना मला तरी सुचत नाही.

तीन सल्ले तीन तऱ्हांचे वाटतात खरे, पण तिघांचंही म्हणणं एकच आहे. आवाज हीच अडचण आहे. पहिला म्हणतो सहन करा, दुसरा म्हणतो पैसे टाका, तिसरा म्हणतो दाबून टाका. आवाज का येतो, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडलेला नाही.

तर तो का येतो ते बघू. (इथे पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकल आठवा. आपल्या सगळ्यांना होतं. मेकॅनिकलवाल्यांनाही, कॉम्प्युटरवाल्यांनाही. जर्नल कोणाचं बघून उतरवलं होतं तेही आठवेल. :))

कॉन्टॅक्टर म्हणजे एक चुंबक. कॉइलमध्ये वीज गेली की तो लोखंडाचा तुकडा ओढतो आणि त्या तुकड्यावर बसवलेले संपर्क जुळतात. कॉइल एसीवर चालणारी असेल तर तिच्यातला प्रवाह अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो (आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून १०० वेळा. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची ती परिचित गुणगुण हीच). प्रत्येक शून्याला चुंबक क्षणभर पकड सोडू बघतो आणि लगेच परत ओढतो. तसं झालं तर संपर्क सेकंदाला १२० वेळा थरथरतील. म्हणून चुंबकाच्या तोंडाच्या एका भागात तांब्याची छोटी कडी बसवलेली असते, शेडिंग रिंग. त्या कडीत निर्माण होणारा प्रवाह तेवढ्या भागातलं चुंबकत्व किंचित उशिरा आणतो. एका भागाचा जोर शून्यावर असताना दुसऱ्या भागाचा जोर शिल्लक असतो, म्हणून पकड पूर्ण सुटत नाही. शेडेड पोल मोटरची आकृती काढली होती ना परीक्षेत? तीच कडी. शंभर वर्षांहून जुनी, रुपया-दोन रुपयांचं तांबं असलेली ही युक्ती मला अजूनही भारी वाटते.

म्हणजे एसी कॉइलच्या कॉन्टॅक्टरची हलकी गुणगुण असतेच, हे मान्य. 'आवाज येतोच' हे अर्धसत्य आहे. पण अर्धसत्याचा त्रास हाच असतो की ते उरलेल्या अर्ध्यावर पांघरूण घालतं. आवाज वाढला तर त्याला कारण असतं, आणि कारणं मोजकीच आहेत. ती कडी तडकली असेल. चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये धूळ किंवा गंज बसून फट राहत असेल. फट राहिली की एसी कॉइल जास्त प्रवाह खाते, तापते आणि शेवटी जळते. किंवा कॉइलला मिळणारा व्होल्टेज कमी असेल. काही डब्यांत कॉइलला डीसी देतात, मुद्दाम, ही गुणगुण नको म्हणून. तिथे आवाज यायला लागला तर डीसी नीट होत नाहीये, सर्किटमधला कपॅसिटर वगैरे म्हातारा झालाय असा संशय घ्यायचा. म्हणजे ज्या डब्याचा 'आवाज येतोच' असं छातीठोक सांगितलं जातं, तो मुळात आवाज न येणाऱ्या जातीचाही असू शकतो! हे झाकण न उघडता कसं कळलं बुवा?

आवाजाच्या जातीही वेगळ्या असतात. संथ 'हूंऽऽ' वेगळा, करवतीसारखा खरखरीत 'झर्रऽऽ' वेगळा आणि 'टकटकटक' तर फारच वेगळा. त्यात कॉन्टॅक्टर धरतोय-सोडतोय असं चाललेलं असतं, प्रत्येक वेळी ठिणगी उडते आणि संपर्क जळत जातात, कधी कधी चिकटूनही बसतात. आणि चरचर आवाज किंवा जळका वास आला तर कान लावत बसायचं नाही, सरळ वीज तोडायची.

कमी व्होल्टेजचं गणित एकदा करून बघा. चुंबकाची ओढ ढोबळमानानं व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२०च्या जागी १०० व्होल्ट मिळाले तर आपल्याला वाटतं सोळा-सतरा टक्के घट. पण ओढ उरते १०० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७० टक्के. तीस टक्के जोर गेला! आणि टेक्ससमध्ये जुलैच्या दुपारी कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज पडणं ही रोजची गोष्ट. इथल्या राष्ट्रीय वीजसंहितेच्या ५५१व्या कलमात मोटरहोमची आणि त्यांच्या तळांची वीज कशी असावी ते आहे. त्यात ३६ किंवा अधिक जागांच्या तळाला मुख्य वायर मोजताना सर्वांच्या एकत्रित मागणीच्या ४१ टक्केच धरायची मुभा आहे. एरवी ते योग्यही आहे, सगळे काही एकाच वेळी सगळं लावत नाहीत. पण चाळीस अंश सेल्सियसमध्ये दुपारी तीन वाजता सगळ्या गाड्या दोन-दोन एसी लावून बसलेल्या असतात. ४१ टक्क्यांवर बेतलेल्या तांब्याला तेव्हा काय वाटत असेल?

आता आमच्या गाडीची गोष्ट. आपण पगार कशाचा घेतो हो? काहीतरी बिघडलंय, कुठे ते माहीत नाही, तर मधून कापायचं, कोणत्या अर्ध्यात बिघाड आहे ते बघायचं आणि परत कापायचं. रात्री दोनला कोणाचा सर्व्हर पडला तर आपली जमात हे झोपेतही करते. मग इथे तेच केलं. झाकण न उघडता, फक्त मीटर घेऊन.

पहिला काप. जनरेटरवर आवाज येतो का? नाही. अजिबात नाही. म्हणजे संशय खांबापासून डब्यातल्या शोअरच्या कॉन्टॅक्टरपर्यंतच्या भागावर. निम्मं जग बाद.

दुसरा काप. शोअरवर आवाज कधी वाढतो? पुढचा एसी लागला की. मागचा लागला की नाही. हे विचित्र होतं आणि विचित्र गोष्ट सापडली की अर्धं काम झालेलं असतं.

याचं कारण समजायला इथली वायरिंग माहीत हवी. पन्नास अँपिअरच्या जोडणीत चार तारा येतात. दोन गरम, एक न्यूट्रल, एक अर्थ. प्रत्येक गरम तार आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन गरम तारांमध्ये २४०. गाडीतलं सामान या दोन बाजूंवर वाटलेलं असतं, पुढचा एसी एका बाजूला, मागचा दुसऱ्या. न्यूट्रलमधून दोन्ही बाजूंच्या प्रवाहातला फक्त फरक जातो. दोन्ही एसी सारखे चालू असतील तर न्यूट्रल जवळजवळ रिकामा. एकच चालू असेल तर त्याचा सगळा प्रवाह न्यूट्रलवर.

मीटर लावून बसलो. पुढचा एसी लावला. त्या बाजूचा व्होल्टेज पडला, ठीक आहे, भार आला की पडणारच. पण दुसऱ्या बाजूचा व्होल्टेज चार व्होल्टनं चढला! भार टाकल्यावर व्होल्टेज चढणं म्हणजे पगार वाढल्यावर प्राप्तिकर कमी होण्यासारखं आहे, सुखद वाटतं पण काहीतरी नक्की चुकतंय. याचा अर्थ एकच. न्यूट्रलच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे आणि मधला बिंदू एका बाजूला सरकतोय. मग तेच माप बाहेर खांबावर घेतलं. तिथे दुसरी बाजू जेमतेम एक व्होल्ट चढत होती. म्हणजे तीन व्होल्टचा अडथळा खांब आणि गाडीतले प्लग यांच्या मध्ये. म्हणजे वायर किंवा डबा. वायर आणि प्लग हातानं तपासले, गार. पलंगाची फळी उचलून डब्यावर हात ठेवला तर पत्रा कोमट नाही, चांगला गरम.

आता हे तीन व्होल्ट किरकोळ वाटतात ना? एसी पंधरा अँपिअर घेतो. पंधरा गुणिले तीन, ४५ वॉट. कॉलेजात आपण ज्यानं सोल्डरिंग करायचो ते आयर्न २५ वॉटचं असायचं. जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्न एका स्क्रूखाली, बंद डब्यात, पलंगाखाली, रात्रभर. आणि 'त्याचा आवाज येतोच'.

पुढची पायरी याहून वाईट आहे. हा न्यूट्रल एक दिवस पूर्ण सुटला तर? मग दोन्ही बाजूंचं सामान २४० व्होल्टवर एकामागे एक जोडलं जातं. समजा एका बाजूला १२०० वॉटचं काहीतरी आहे, म्हणजे १२ ओहम. दुसऱ्या बाजूला टीव्ही, चार्जर वगैरे मिळून ३०० वॉट, म्हणजे ४८ ओहम. एकूण ६० ओहम, प्रवाह ४ अँपिअर. पहिल्याला मिळणार ४८ व्होल्ट, तो नुसता कण्हणार. दुसऱ्याला मिळणार १९२ व्होल्ट, १२० साठी बनवलेल्या टीव्हीला. ब्रेकर पडणार नाही, कारण त्याच्या लेखी ४ अँपिअर म्हणजे काहीच नाही. सगळं 'नियमात' राहून घर जळू शकतं. हे गणित बारावीचं आहे, बरं का. सर्व्हिस सेंटरच्या साहेबांना ते येत नसेल असं मला वाटत नाही. ते करायची गरज वाटली नाही, हा राग आहे.

शेवटी झाकण उघडलं. आम्ही नाही, शेजारच्या जागेवर उतरलेल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियननं. आयुष्यभर परवाना बाळगून हेच काम केलेला माणूस. त्यानं आधी काय केलं ते सांगतो, कारण ते झाकणापेक्षा महत्त्वाचं आहे. खांबाचा ब्रेकर पाडला, प्लग उपटून स्वतःच्या पायाशी आणून ठेवला. जनरेटर बंद, आणि बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू होण्याची जी सोय असते तीही बंद (ही विसरणाऱ्यांचे किस्से त्याच्याकडे होते, ते इथे देत नाही). इन्व्हर्टर बंद. मग मीटर आधी चालू प्लगवर तपासून घेतला आणि मगच डब्यातल्या प्रत्येक टोकावर वीज नाही याची खात्री केली. दहा मिनिटं गेली यात. घाई शून्य.

आत शोअरच्या न्यूट्रलचा स्क्रू जवळजवळ पाऊण फेरा सहज फिरला. तारेवरचं पांढरं आवरण दोनेक इंच चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. कॉन्टॅक्टरचं ते टोक काळवंडलेलं. कोडं सुटलं. कॉइल याच न्यूट्रलवरून चालत होती आणि तिची दुसरी तार पुढच्या एसीच्या बाजूची. एसी लागला की ढिल्या जोडावर व्होल्टेज पडणार, कॉइलची पकड ढिली होणार, गुणगुण वाढणार. तो डबा महिनोन् महिने एकच गोष्ट सांगत होता की माझा न्यूट्रल सुटतोय. त्याच्याकडे सांगायला दुसरी भाषा नव्हती.

काळी पडलेली तार मागे कापून चकचकीत तांबं काढलं, तो एक कॉन्टॅक्टर बदलला (त्याच्या अंगावर नंबर छापलेला असतो, त्याच नंबरचा मागवला), आणि सगळे स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळले. मनगटाच्या अंदाजानं नाही, टॉर्क दाखवणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं. अंदाजावर विश्वास ठेवू नका हे इथल्या वीजसंहितेला २०१७ च्या आवृत्तीत वेगळं कलम घालून सांगावं लागलं. जिथे उत्पादकानं टॉर्कचा आकडा दिलाय तिथे मोजूनच आवळा म्हणून. आणि हे सगळं एका स्थिर इमारतीसाठीही. मोटरहोम तर ताशी साठ मैलांनी पळणारा भूकंप आहे. बारीक तारांची वेणी स्क्रूखाली हळूहळू दबते, तापते-गार होते, हादरे खाते, ढिली होते. ढिली झाली की अजून तापते. दोन वर्षांतून एकदा वीज तोडून हे स्क्रू तपासायला अर्धा तास लागतो. किती मालक करतात? किती सर्व्हिस सेंटरं आपणहून सुचवतात?

आता मला ठाऊक आहे, लगेच तीन आक्षेप येणार. पहिला, "अख्खं युनिट बदललं असतं तरी प्रश्न सुटलाच असता की." कशावरून? ज्यानं जुन्या डब्यात डोकावलंच नाही, त्यानं ती जळकी तार तशीच नव्या डब्यात आवळली असती, तीही मनगटाच्या अंदाजानं. आवाज गेला असता, बिल चुकतं झालं असतं आणि काळं तांबं नव्या लगमध्ये तापत राहिलं असतं. फरक इतकाच की आता गुणगुणायलाही कोणी नाही. कधी कधी अख्खा डबा बदलणंच योग्य असतं, प्लॅस्टिक वितळलं असेल तर बदलायलाच हवा. पण ते झाकण उघडल्यावर ठरतं.

दुसरा, "त्यांचं तासाचं भाडं एवढं आहे की शोधत बसणं परवडत नाही." कोणाला परवडत नाही? मीटर लावून हे सगळं कळायला आम्हाला, नवख्यांना, पाऊण तास लागला. साडेआठशे डॉलरचं युनिट खपवणं परवडतं आणि पाऊण तास विचार करणं परवडत नाही, हा हिशोब ग्राहकाचा नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातल्यांचा आणि तो मला सर्वांत जास्त चावतो. "अरे, आपण हे कशाला करायचं? माझा तासाचा दर बघ. हे वायरमनचं काम." या वाक्यात आपला अख्खा मध्यमवर्ग बसलेला आहे. इंजिनिअरिंगला घातलेल्या मुलानं पाना-पकड हातात धरली की आईला वाटतं शिक्षण वाया गेलं. मी वायरमनचं काम करा म्हणतच नाहीये. ते काम वायरमननंच करावं, परवाना असलेल्यानं, प्लग पायाशी ठेवून. पण प्रश्न विचारणं हे काम कोणाचं? "जनरेटरवर आवाज येत नाही, शोअरवर येतो, पुढचा एसी लावला की दुसरी बाजू चार व्होल्ट चढते", एवढं बोलणाऱ्या ग्राहकाला कोणताही सर्व्हिसवाला 'आवाज येतोच' म्हणून वाटेला लावू शकत नाही. चार वर्षं फी भरून एवढं वाक्यही बोलता येत नसेल तर ती पदवी नेमकी कशाची?

आणि हे वाक्य काय फक्त सर्व्हिस सेंटरवालेच बोलतात? आपल्या ऑफिसात बघा. रोज पहाटे एक अलर्ट वाजतो. नवीन पोरगं विचारतं, हा का येतो? सीनिअर म्हणतो, तो येतोच, म्यूट करून टाक. मग कोणीतरी त्याच्यावर 'माहीत असलेली अडचण' अशी चिठ्ठी चिकटवतं. माहीत काय असतं? फक्त अलर्ट येतो एवढंच. का येतो हे कोणालाच माहीत नसतं. सर्व्हिस सेंटरच्या त्या साहेबांना आपल्या टीममध्ये घेतलं तर पहिल्याच आठवड्यात ते रुळतील, असं मित्राला म्हटलं तर तो हसला नाही.

असो. एक हिशोब अजून बाकी आहे. डबा दुरुस्त झाला तरी खांबावरचा व्होल्टेज दुपारी १०७ पर्यंत पडतच होता. कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, जास्त प्रवाह खातो, तापतो, आणि ती झीज बिलावर दिसत नाही. मित्रानं तळाच्या ऑफिसात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, उन्हाळ्यात दुपारी असंच असतं. मग आम्ही दोन दिवस, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, दर तासाचा आकडा दोन्ही बाजूंसाठी लिहून काढला. वहिनींनी तो तक्ता स्वच्छ करून दिला (आमच्या तिघांपैकी अक्षर त्यांचंच वाचता येतं). शेजारच्या तीन गाड्यांनी आपापले आकडेही त्यात घातले. त्यातल्या एकाचा तर १०३. तक्ता आणि एक पानी पत्र मालकाच्या नावानं देऊन आलो. पत्रात एवढंच विचारलंय की शेवटच्या खांबापर्यंतची वायर किती जाडीची आहे आणि जोड शेवटचे कधी तपासले. सहा आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत तिथेच जायचंय, मीटर सोबत असेलच.